घरच्या सर्व्हरसाठी प्रॉक्समॉक्स : आधी साठवण, मग मशीन

कुटुंबाचे फोटो, कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, गाणी आणि चित्रपटांचा संग्रह, घरातल्या उपकरणांचे नियंत्रण आणि सगळ्यांच्या फोन-लॅपटॉपचे बॅकअप अशी सारी कामे एकाच संगणकाकडे सोपवायची ठरली, की त्या संगणकावर कोणती प्रणाली बसवावी हा प्रश्न लगेच उभा राहतो. माझ्या घरी हे काम, एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली करते आणि हे परीक्षण तिच्या रोजच्या वापरातून लिहिलेले आहे. मोठ्या कार्यालयांसाठी असलेल्या तिच्या क्लस्टरसारख्या सुविधांकडे मी इथे वळणार नाही. घरासाठी डिस्कची मांडणी आणि मशीनची आखणी करताना ती कुठे भक्कम साथ देते आणि कुठे सगळा भार आपल्यावर टाकते, एवढेच पाहायचे आहे.

प्रॉक्समॉक्स व्हीई २००८ पासून उपलब्ध आहे. व्हिएन्नातील प्रॉक्समॉक्स सर्व्हर सोल्युशन्स ही कंपनी ती तयार करते, तिचा पाया डेबियन लिनक्सचा आहे आणि परवाना एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली नववी आवृत्ती डेबियन १३ वर आधारलेली आहे. वेगवेगळी कामे परस्परांपासून अलग ठेवण्याचे दोन मार्ग तिच्यात आहेत. एक म्हणजे लिनक्समधल्या केव्हीएम या सुविधेवर चालणारे पूर्ण व्हर्च्युअल मशीन, ज्याला स्वतःचा कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि स्वतःची राखीव रॅम असते. दुसरा एलएक्ससी कंटेनर, जो मूळ संगणकाचाच कर्नल वापरतो आणि त्यामुळे थोड्या रॅममध्ये भागवतो. दोन्हींचा कारभार ब्राउझरमधून चालतो. वार्षिक वर्गणी भरली नाही तरी कोणतीही सुविधा बंद राहत नाही. मात्र नव्याने बसवलेल्या प्रणालीत अपडेटचा स्रोत वर्गणीदारांचाच लावलेला असतो, त्यामुळे वर्गणी न भरणाऱ्याला पहिल्याच अपडेटच्या वेळी त्रुटीचा संदेश दिसतो. तो स्रोत बंद करून वर्गणीविना चालणारा स्रोत जोडायला दोन मिनिटे लागतात, पण नवख्या माणसाला अगदी उंबरठ्यावरच ठेच लागते आणि हे कंपनीला सहज टाळता येण्यासारखे आहे.

प्रणाली बसवतानाच डिस्कवर कोणती फाइल सिस्टीम (फाइली मांडण्याची पद्धत) हवी, हे विचारले जाते. काही न बदलता पुढे गेल्यास एक्स्ट-४ आणि एलव्हीएम-थिन अशी मांडणी होते. त्यात प्रणालीसाठी एक भाग राहतो आणि उरलेली बहुतेक जागा मशीनच्या व्हर्च्युअल डिस्कसाठी राखली जाते. निवडलेली डिस्क या वेळी पूर्ण पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. एकच छोटी एसएसडी प्रणालीसाठी असेल, तर ही मांडणी चांगली आहे. दोन एसएसडी असतील, तर तिथेच झेडएफएस या फाइल सिस्टीमचा मिरर (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) निवडावा, म्हणजे एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालत राहतो. कुटुंबाच्या डेटाच्या मोठ्या हार्ड डिस्क या टप्प्यावर निवडूच नयेत. त्यांचा स्वतंत्र पूल (डिस्कची एकत्रित साठवण) नंतर करावा, कारण प्रणाली पुन्हा बसवण्याची वेळ आली तर त्या पुलाला हात लागता कामा नये.

घरच्या सर्व्हरवर दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गोष्टी असतात. फोटो आणि कागदपत्रे एकदा गेली की परत मिळत नाहीत. चित्रपट-गाण्यांसाठीचे जेलीफिन, फाइलींसाठीचे नेक्स्टक्लाउड, घरातली उपकरणे चालवणारे होम असिस्टंट यांसारखी सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येतात आणि त्यांच्या मांडणीचा एक छोटा बॅकअप असला की काम भागते. प्रॉक्समॉक्सचे मशीन तयार करण्याचे पान मात्र या दोहोंत फरक करत नाही. ते डिस्क किती मोठी हवी एवढेच विचारते, आणि सरळ मनाने आखणी करणारा माणूस तिथे दोन टेराबाइट असा आकडा टाकून सगळे फोटो त्या व्हर्च्युअल डिस्कच्या पोटात ठेवतो. पुढे त्या मशीनचा प्रत्येक बॅकअप दोन टेराबाइटचा विचार करू लागतो. जागा कमी पडली तर डिस्क वाढवता येते, पण लहान करण्याची सोय प्रॉक्समॉक्समध्ये नाही. शिवाय ते मशीन बिघडले, तर फोटोंपर्यंत पोहोचण्यासाठी आधी त्या व्हर्च्युअल डिस्कच्या आतली फाइल सिस्टीम उघडावी लागते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कुटुंबाचा डेटा कोणत्याही मशीनच्या आत ठेवू नये. तो मूळ संगणकावरच्या झेडएफएस पुलात, साध्या फाइलींच्या रूपात, स्वतःच्या डेटासेटमध्ये (पुलातल्या वेगळ्या कप्प्यात) असावा आणि मशीन व कंटेनर यांना त्यातला हवा तेवढाच भाग दाखवावा. फोटोंसाठी एक डेटासेट, कागदपत्रांसाठी दुसरा, चित्रपट-गाण्यांसाठी तिसरा आणि लॅपटॉपच्या बॅकअपसाठी चौथा अशी विभागणी केली, की प्रत्येकाला वेगळी जागामर्यादा लावता येते आणि स्नॅपशॉटचे (त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीचे) वेळापत्रकही वेगळे ठेवता येते. कागदपत्रांचा स्नॅपशॉट दर तासाला घेणे योग्य आहे. चित्रपटांना त्याची गरज नसते. मोठ्या फाइलींच्या डेटासेटसाठी रेकॉर्डचा, म्हणजे झेडएफएस ज्या तुकड्यांत फाइल साठवते त्यांचा, आकार एक मेगाबाइट ठेवावा, हेही इथेच ठरवता येते. लॅपटॉपच्या बॅकअपवरची मर्यादा तर अत्यावश्यक आहे, कारण बॅकअप घेणारी सॉफ्टवेअर मिळेल तेवढी जागा व्यापत जातात आणि पूल काठोकाठ भरला की सगळीच कामे मंदावतात.

याच ठिकाणी प्रॉक्समॉक्सबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. ब्राउझरमधून झेडएफएसचा पूल तयार करता येतो, पण डेटासेट तयार करता येत नाही, त्याची मर्यादा ठरवता येत नाही आणि स्नॅपशॉटचे वेळापत्रकही लावता येत नाही. ही सगळी कामे टर्मिनलवर आज्ञा देऊन करावी लागतात, आणि वेळापत्रकासाठी सॅनॉइडसारखे वेगळे साधन बसवावे लागते. बंद पडत आलेली डिस्क बदलण्याचेही तसेच आहे. पुलाची अवस्था पानावर दिसते, डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल (तिच्या प्रकृतीची नोंद) आणि अनुक्रमांकही दिसतो, पण जुन्या डिस्कच्या जागी नवी घेण्याची आज्ञा हातानेच द्यावी लागते. आधीच धास्तावलेल्या माणसाला नेमक्या त्याच क्षणी कागदपत्रे वाचून आज्ञा टंकित करायला लावणे मला बरोबर वाटत नाही.

माझ्या पुलातल्या एका डिस्कवर नादुरुस्त सेक्टरांची (डिस्कवरच्या लहान तुकड्यांची) संख्या वाढू लागली, तेव्हा प्रॉक्समॉक्सने त्याची मेल पाठवली. मिरर असल्यामुळे घरात कोणाला काही जाणवले नाही, फोटो पूर्वीसारखेच उघडत होते. खोका उघडल्यावर आत दोन सारख्याच दिसणाऱ्या डिस्क शेजारी-शेजारी होत्या. त्या वेळी कामाला आली ती प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेवर चिकटवलेली, अनुक्रमांकाच्या शेवटच्या चार अक्षरांची पट्टी. पुलाची रचना डिस्कच्या अनुक्रमांकाधारित नावांवर केलेली असल्याने पडद्यावरचे नाव आणि पट्टीवरची अक्षरे थेट जुळली. मिररमधली चांगली डिस्क चुकून काढली असती, तर उरलेल्या आजारी डिस्कवर सगळी भिस्त राहिली असती. पूल बनवताना लिनक्स डिस्कना देते ती एसडीए, एसडीबी अशी नावे वापरू नयेत, कारण ती सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात.

मिरर की रेडझेड (अनेक डिस्कवर डेटा आणि तो परत मिळवण्यासाठीची ‘पॅरिटी’ ही जादा माहिती वाटून ठेवण्याची पद्धत), हा प्रश्न घरासाठी मी मिररच्या बाजूने सोडवतो. चार टेराबाइटच्या दोन डिस्कचा मिरर केला की संगणकाच्या मोजणीप्रमाणे सुमारे ३.६४ टेबीबाइट जागा मिळते, आणि पूल ८० टक्क्यांच्या पुढे भरू द्यायचा नाही हा नेहमीचा दंडक पाळला तर वापरायला २.९ च्या आसपास उरते. हे नुकसान वाटते खरे, पण बदललेली डिस्क भरून निघण्याचे काम मिररमध्ये सरळ आणि वेगवान असते आणि पुढे वाढ करायची तर आणखी दोन डिस्कची जोडी घालता येते. रेडझेडमध्ये व्हर्च्युअल डिस्क ठेवल्या तर हिशेबही बिघडतो. चार डिस्कच्या रेडझेड-१ मध्ये कागदावर तीन चतुर्थांश जागा मिळायला हवी, पण व्हर्च्युअल डिस्कचा ब्लॉक सोळा किलोबाइटचा आणि डिस्कचा सेक्टर चार किलोबाइटचा असेल, तर चार सेक्टर डेटासाठी दोन सेक्टर पॅरिटीत जातात आणि प्रत्यक्षात दोन तृतीयांशच जागा हाती लागते. साध्या मोठ्या फाइलींना हा तोटा होत नाही. झेडएफएसचे मुक्त रूप असलेल्या ओपनझेडएफएसच्या जानेवारी २०२५ मधल्या २.३ आवृत्तीपासून रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येऊ लागली आहे आणि प्रॉक्समॉक्सच्या नवव्या आवृत्तीत ती सोय आहे. तरी आधी लिहिलेला डेटा जुन्याच प्रमाणात राहतो. डिस्क विकत घेताना ती एसएमआर (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) पद्धतीची नाही, सीएमआर (स्वतंत्र पट्ट्यांत लिहिणाऱ्या) पद्धतीची आहे, याची खात्री निर्मात्याच्या तपशील-पत्रकातून करून घ्यावी. एसएमआर डिस्क दीर्घकाळ चालणाऱ्या लेखनात अडखळतात आणि पूल भरून काढण्याचे काम त्यांच्यामुळे अतिशय लांबते.

आता मशीनकडे वळू. पुलातला डेटासेट कंटेनरला दाखवणे सोपे आहे, त्यासाठी नेटवर्कमधून फिरावे लागत नाही आणि वेगही पूर्ण मिळतो. पण एक गोष्ट प्रत्येकाला गोंधळात टाकते. सुरक्षिततेसाठी प्रॉक्समॉक्सचे कंटेनर वापरकर्त्यांचे क्रमांक एक लाखाने सरकवून चालतात. कंटेनरमधला मूळ प्रशासक मूळ संगणकावर १००००० क्रमांकाचा असतो आणि कंटेनरमधला १००० क्रमांकाचा वापरकर्ता बाहेर १०१००० होतो. परिणामी मूळ संगणकावर १००० क्रमांकाच्या मालकीचे फोटो कंटेनरमध्ये ‘नोबडी’च्या मालकीचे दिसतात आणि जेलीफिनला किंवा नेटवर्कवर फोल्डर वाटणाऱ्या साम्बाला त्यात काही लिहिता येत नाही. अशा वेळी घाईघाईने सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे किंवा कंटेनरचे हे संरक्षणच काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्या डेटासेटमधल्या फाइलींची मालकी १०१००० कडे द्यावी आणि घरातल्या सर्व कंटेनरमध्ये आतला १००० हाच एक क्रमांक कामासाठी वापरावा. एवढी शिस्त सुरुवातीला पाळली की हा विषय पुन्हा डोके वर काढत नाही.

डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार गठ्ठ्यांच्या रूपात चालवणारे साधन) चालणारी सॉफ्टवेअर मात्र पूर्ण मशीनमध्ये चालवावीत, अशी प्रॉक्समॉक्सच्याच मार्गदर्शिकेची शिफारस आहे आणि ती मला पटते. फोटोंसाठीचे इमिच हे याचे उत्तम उदाहरण. त्याचा डेटाबेस मशीनच्या स्वतःच्या, एसएसडीवरच्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवावा आणि मूळ फोटो मात्र पुलातल्या डेटासेटमध्ये राहावेत. पूर्वी यासाठी मशीनपर्यंत एनएफएस किंवा साम्बाची, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी, वाट काढावी लागे. एप्रिल २०२५ मधल्या ८.४ आवृत्तीपासून व्हर्टिओ-एफएसची सोय थेट पानावर आली आणि मूळ संगणकावरचा फोल्डर मशीनला सरळ देता येऊ लागला. घरच्या सर्व्हरच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपयोगी भर आहे. तिची किंमत एवढीच, की असा फोल्डर जोडलेल्या मशीनचा रॅमसकट स्नॅपशॉट घेता येत नाही आणि ते चालू असताना दुसऱ्या संगणकावर हलवता येत नाही. घरात या दोन्हींची गरज क्वचितच पडते.

होम असिस्टंटसाठी त्याची स्वतःची प्रणाली वेगळ्या मशीनमध्ये बसवावी, घरातल्या उपकरणांशी बिनतारी बोलणाऱ्या झिगबीचे यूएसबी उपकरण त्या मशीनला जोडून द्यावे आणि दोन गीगाबाइट रॅम द्यावी. साठवणीसाठीच बनवलेल्या ट्रूनॅस या प्रणालीला मशीनमध्ये बसवून त्याच्याकडे सगळ्या डिस्क सोपवण्याची पद्धतही बरीच लोकप्रिय आहे. तशी इच्छा असेल तर डिस्क ज्याला जोडलेल्या असतात तो अख्खा कंट्रोलरच त्या मशीनला द्यावा, सुट्या डिस्क देऊ नयेत. पण त्या रचनेत फोटोंपर्यंत जाण्यासाठी एक मशीन सतत चालू असावे लागते, आणि घरासाठी एवढी गुंतागुंत मला आवश्यक वाटत नाही.

रॅमचा हिशेब झेडएफएसपासून सुरू करावा. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत झेडएफएसची कॅशे (रॅममधली तात्पुरती साठवण) एकूण रॅमच्या दहा टक्क्यांवर, आणि कमाल १६ गीगाबाइटवर, मर्यादित केलेली असते. म्हणजे सोळा गीगाबाइटच्या सर्व्हरमध्ये तिच्या वाट्याला दीड गीगाबाइटच्या थोडे वर येते. जुन्या आवृत्तीवरून चढत आलेल्या सर्व्हरमध्ये ही मर्यादा अर्ध्या रॅमइतकी असू शकते, ती तपासून घ्यावी. मशीनला दिलेली रॅम अडकून राहते असेच धरून चालावे. कंटेनरला दिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. सोळा गीगाबाइटमध्ये होम असिस्टंट, डॉकरचे एक मशीन आणि तीन-चार छोटे कंटेनर व्यवस्थित मावतात. त्यापलीकडे विंडोजचे मशीनही हवे असेल, तर बत्तीसचाच विचार करावा.

एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएसवरच्या व्हर्च्युअल डिस्क सुरुवातीला कागदावरच मोठ्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष एसएसडीपेक्षा बेरीज जास्त होऊ देता येते. ही सवलत धोक्याचीही आहे, कारण आतली जागा खरोखर संपली की सगळीच मशीन लेखनाच्या त्रुटी देऊन अडतात. मशीनच्या डिस्कच्या पानावर ‘डिस्कार्ड’ची चौकट असते. ती मुळात रिकामी असते, आणि ती निवडल्याशिवाय मशीनमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा खाली परत मिळत नाही. ही चौकट आधीपासून निवडलेली असायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

स्वस्त एसएसडीवर प्रॉक्समॉक्स सतत थोडेथोडे लिहीत राहते आणि झेडएफएस त्यात भर घालते. म्हणून प्रणालीसाठी जास्त लेखनक्षमतेची, शक्य तर वीज गेल्यावरही डेटा सांभाळणारी डिस्क घ्यावी, आणि मूळ संगणकाच्या डिस्कच्या पानावर दिसणारी तिची झीज अधूनमधून पाहावी. यूपीएस हवाच. त्याची यूएसबी तार मूळ संगणकाला जोडून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवले की बॅटरी उतरण्याआधी मशीन क्रमाने बंद होतात.

बॅकअप हा प्रॉक्समॉक्सचा सर्वांत बळकट भाग आहे. मशीन आणि कंटेनर यांचे बॅकअप मूळ प्रणालीतूनच ठरल्या वेळी निघतात, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये स्थिर रूपात आलेला प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर जोडला तर सारखे तुकडे एकदाच साठवले जातात. त्यामुळे रोजच्या बॅकअपला फार कमी जागा पुरते. ठेवलेले तुकडे शाबूत आहेत की नाहीत याची पडताळणी तो ठरल्या वेळी करतो आणि बॅकअपमधली एखादीच फाइल काढून घेण्याची सोयही देतो. हा बॅकअप सर्व्हर त्याच संगणकावर मशीन म्हणून चालवू नये. एखादा जुना संगणक त्यासाठी पुरतो, आणि तो दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी असेल तर चोरी किंवा आग यांपासूनही संरक्षण मिळते. कंटेनरला दाखवलेला डेटासेट त्या कंटेनरच्या बॅकअपमध्ये येत नाही, हे मात्र स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे. बॅकअप पूर्ण झाल्याची हिरवी खूण पाहून फोटोही सुरक्षित झाले असा समज अनेकांचा होतो. त्या डेटासेटसाठी बॅकअप सर्व्हरचा स्वतःचा क्लायंट मूळ संगणकावरून चालवावा किंवा झेडएफएसचे स्नॅपशॉट दुसऱ्या पुलाकडे पाठवावेत.

स्नॅपशॉट त्याच पुलात राहतात, म्हणून त्यांना बॅकअप म्हणता येत नाही, पण रोजच्या चुकांवर त्यांच्याइतका जलद उपाय दुसरा नाही. साम्बाला त्यांची ओळख करून दिली की विंडोजच्या लॅपटॉपवर फोल्डरच्या गुणधर्मांत जुन्या आवृत्त्यांची यादी दिसते. कोणी विम्याच्या कागदांचा फोल्डर चुकून पुसला, तर त्या व्यक्तीला माझ्याकडे न येता सकाळी अकराची आवृत्ती उघडून तो परत घेता येतो.

फक्त सामायिक फोल्डर हवे असतील आणि मशीन चालवायचीच नसतील, त्यांनी प्रॉक्समॉक्सच्या वाटेला जाऊ नये. त्यात साम्बाचे शेअर बनवण्याची सोय मुळात नाही आणि ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ते काम अधिक नेटकेपणाने करतात. टर्मिनलची भीती नसलेल्या आणि दोन-तीन वेगळी कामे एकाच संगणकावर चालवू इच्छिणाऱ्या घराला मात्र मी प्रॉक्समॉक्सचीच शिफारस करीन.

अशा घरात सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती बहुधा एकच असते, त्यामुळे ती उपलब्ध नसताना फोटो कसे मिळतील याची तजवीजही आखणीतच करावी लागते. डेटा साध्या फाइलींच्या रूपात पुलात असला, तर पुरेशा नव्या आवृत्तीचे ओपनझेडएफएस बसवलेल्या कोणत्याही लिनक्स संगणकाला त्या डिस्क लावून पूल उघडता येतो. प्रॉक्समॉक्सची गरज उरत नाही. पुलाचे नाव आणि डिस्कचे अनुक्रमांक एका कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावेत. बाहेर ठेवलेला बॅकअप कूटबद्ध असेल, तर त्याची किल्ली हरवल्यावर तो बॅकअप कोणालाही, कंपनीलाही, वाचता येत नाही. प्रॉक्समॉक्सने ही किल्ली क्यूआर कोडसह कागदावर छापण्याची सोय दिलेली आहे. ती छापावी आणि तिची एक प्रत सर्व्हरच्या खोलीबाहेर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवावी.